गिअरबॉक्सचं अभ्यंग

भारतातून जर्मनीत राहायला आलेल्या माणसाचा वाहन परवाना इथे सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर पंधरा वर्षं गाडी हाकलेला माणूसही मग निमूटपणे फारशूलेत जाऊन बसतो. हात डाव्या बाजूला गिअर शोधतो आणि गिअर असतो उजवीकडे. त्यामुळे आपल्यातले बरेच जण ऑटोमॅटिककडे वळतात. पूर्वी ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवान्यावर ७८ क्रमांकाची अट छापून यायची आणि जन्मभर ऑटोमॅटिकच चालवावी लागायची. १ एप्रिल २०२१ पासून बी-१९७ नावाची सोय झाली. साध्या गिअरच्या गाडीवर किमान दहा तासिका घ्यायच्या, फारशूलेकडे पंधरा मिनिटांची चाचणी द्यायची आणि मुख्य परीक्षा ऑटोमॅटिकवर द्यायची; मग दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. तेव्हापासून मंडळात ऑटोमॅटिक गाड्या आणखीच वाढल्या आहेत.

यातल्या बहुतेक गाड्या वापरलेल्या असतात. आठ-दहा वर्षांची, लाख-सव्वा लाख किलोमीटर झालेली, डिझेलवर चालणारी, आजी-आजोबा आले की सगळं सामान पोटात घेणारी. घेताना आपण टायर बघतो, ट्यूफचा शिक्का कधीपर्यंत आहे ते बघतो, इंजिनाचं तेल कधी बदललं ते विचारतो. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल कोणी विचारत नाही. विचारलंच तर विकणारा हसून सांगतो, "त्यात लाइफटाइम तेल असतं, ते बदलायचं नसतं." आपणही खूश होतो, एक खर्च वाचला म्हणून.

या दिवाळीला त्या तेलाबद्दलच लिहायचं ठरवलं. नरक चतुर्दशीला आपण स्वतःला तेल लावतो. वर्षभर आपल्याला, आपल्या मुलाबाळांना वाहून नेणाऱ्या यंत्राच्या तेलाचीही चौकशी करायला हरकत नाही.

तेल कशासाठी?

इंजिनातलं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल मात्र घरातल्या कर्त्या बाईसारखं एकाच वेळी चार-पाच कामं अंगावर घेतं. इंजिनाची ताकद पुढे पोचवतं ते, आतले क्लच दाबून धरतं ते, झडपांना हुकूम पोचवतं ते, उष्णता वाहून नेतं ते आणि उरलेल्या वेळात वंगणही करतं.

ताकद पोचवण्याची कल्पना जर्मनच आहे. हेरमान फोटिंगर हे अभियंते श्टेटिन येथील वुल्कान जहाज कारखान्यात काम करत होते. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. या दोघांची गाठ कशी घालायची हा प्रश्न होता. फोटिंगरांनी दातेरी चाकांऐवजी द्रवाचा वापर केला आणि १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसंच हे. फक्त हवेच्या जागी तेल, आणि दोन्हींच्या मध्ये परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देणारं एक तिसरं चाक. या तिसऱ्या चाकामुळे गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा जोर वाढून मिळतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर.

त्याच्या मागे ग्रहमालेसारखी फिरणारी दातेरी चाकं असतात आणि त्यांना धरणारे-सोडणारे क्लच असतात. क्लचच्या चकत्यांवर राळेत भिजवलेल्या कागदासारखं अस्तर असतं आणि त्या कायम तेलात बुडालेल्या असतात. गिअर बदलताना त्या क्षणभर एकमेकींवर घासतात आणि मग घट्ट धरतात. किती घासायचं आणि केव्हा धरायचं हे तेलात मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. तेल फार निसरडं झालं तर क्लच घसरत राहतो, कमी निसरडं झालं तर गाडी धक्का देते.

हा समतोल किती नाजूक असतो याचा एक जुना किस्सा आहे. अमेरिकेत अनेक वर्षं या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल थोड्या प्रमाणात मिसळत. घर्षण नेमकं राखायला ते फार उपयोगी पडायचं. हा देवमासा नामशेष होऊ लागला तेव्हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे त्याच्या तेलावर बंदी आली. देवमासे वाचले, पण पर्यायी रसायनांचं गणित जमेपर्यंत गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. तेलातला एक लहानसा घटक बदलला तर एवढं होतं. मग तेच तेल दहा-बारा वर्षं तापत राहिलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

कोणाचं लाइफटाइम?

बोडेन सरोवराच्या काठच्या फ्रीडरिक्सहाफेन गावी १९१५ मध्ये त्सेपेलिन विमाननौकांसाठी दातेरी चाकं बनवायला एक कारखाना निघाला. त्याचं नावच 'दातेरी चाकांचा कारखाना': त्सानराडफाब्रीक, म्हणजे आजची झेडएफ. मोटारींचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही कंपनी सारब्र्युकेनला बनवते. २००१ मध्ये तिचा सहा गिअरचा बॉक्स बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला, २००९ पासून आठ गिअरचा. हा आठ गिअरचा बॉक्स पुढे बीएमडब्ल्यू, आउडी, जॅग्वार, लँड रोव्हर अशा अनेक गाड्यांत गेला. फोक्सवागनच्या अमारोक या पिकअप ट्रकमध्येही तो बसवला गेला.

गंमत पुढे आहे. यातल्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचं तेल बदलण्याचा उल्लेखच नसतो. बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र सांगते की वापर कसा आहे ते बघून ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, किंवा उशिरात उशिरा आठ वर्षांनी तेल बदला. म्हणजे वैद्य सांगतो औषध घ्या आणि औषधाचं दुकान म्हणतं काही गरज नाही!

यात कोणी खोटं बोलतं असं नाही. नवी गाडी घेणाऱ्यांत इथे कंपन्या आणि लीजिंगवाले फार मोठ्या संख्येने असतात. तीन-चार वर्षांनी गाडी परत जाते. देखभालीचा खर्च कागदावर जितका कमी, तितकी गाडी त्यांना विकणं सोपं. त्या पहिल्या मालकाच्या हिशेबात तेल खरोखरच लाइफटाइम पुरतं. आपण असतो दुसरे नाहीतर तिसरे मालक. तेलाचं आयुष्य जिथे संपतं, तिथून आपलं सुरू होतं.

ज्यांचा धंदाच गाडीवर चालतो ते काय करतात ते बघा. ऑटोबानवरचे चाळीस टनी ट्रक वरून ऑटोमॅटिक वाटतात, पण त्यांच्यात बहुधा साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेवढं यंत्र करतं. खरा टॉर्क कन्व्हर्टर सापडतो शहरातल्या बसमध्ये आणि कचऱ्याच्या गाडीत, कारण त्यांना दर शंभर पावलांवर थांबून पुन्हा निघायचं असतं. झेडएफचे, हायडेनहाइमच्या फोइट कंपनीचे किंवा अमेरिकन ॲलिसनचे बॉक्स त्यांत असतात. तिथे लाइफटाइम वगैरे भाषा चालत नाही. तेल आणि फिल्टर ठरल्या वेळी बदलले जातात.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे लगेच पटेल. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेन्झशी करार केला आणि त्यांचे ट्रक आपल्या घाटांतून धावू लागले. खंडाळ्याच्या चढावर दोनदा क्लच मारून गिअर टाकणाऱ्या त्या ड्रायव्हरांना गाडीची प्रत्येक कुरकुर कानाने कळत असे. ऑटोमॅटिक मात्र दुखणं अंगावर काढते. बिघाड आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं.

लक्षणं

सकाळी थंड गाडी आरमध्ये टाकली की क्षणभर विचार करून मग झटका देते. साठ-सत्तरच्या वेगात हलका चढ आला की रस्त्यावर बारीक पट्टे असावेत तशी थरथर जाणवते. सिग्नलला थांबताना खालचा गिअर पडतो तेव्हा मागून कोणी ढकलल्यासारखं वाटतं. यातलं काही जाणवलं तर तेलाची चौकशी करायची वेळ झाली, किंबहुना थोडी टळली.

इथे एक समज नेहमी ऐकू येतो: "जुन्या बॉक्समध्ये नवं तेल घातलं की बॉक्स मरतो." अशी उदाहरणं घडतात, पण त्यांचा क्रम बघायला हवा. लोक तेल बदलायला जातात केव्हा, तर बॉक्स त्रास देऊ लागल्यावर. क्लचचं अस्तरच झिजून गेलं असेल तर कुठलंही तेल ते परत आणू शकत नाही. रोगी शेवटच्या घटकेला डॉक्टरकडे नेला आणि दगावला, म्हणून डॉक्टरकडे जाऊच नये असं आपण म्हणत नाही. गिअर सतत घसरत असेल आणि तेलाला जळका वास येत असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. गाडी ठीक असेल तर वेळेवर तेल बदलण्यात धोका नाही.

एक शनिवार, एक अमारोक

आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे अमारोक आहे. गणेशोत्सवाच्या स्टेजच्या फळ्या, मोठी पातेली, खुर्च्या हे सगळं ट्रेलरला लावून तीच ओढते, त्यामुळे ती अर्धी मंडळाचीच. १,३०,००० किलोमीटर झाले होते आणि वर सांगितलेली थरथर सुरू झाली होती. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत तेल जास्त तापतं, म्हणून झेडएफच्या आकड्यांतला लहान आकडा तिला लागू. आम्ही एक मीटवेर्कश्टाट गाठली. इथे तासाच्या भाड्याने गाडी उचलायचा लिफ्ट आणि हत्यारं मिळतात. घराच्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. तेलाचा एक ओघळ गटारात गेला तरी शेजाऱ्यांपासून नगरपालिकेपर्यंत सगळे दारात येतात, आणि ते योग्यच आहे.

या बॉक्सचा फिल्टर तळाच्या प्लास्टिकच्या ताटातच बसवलेला असतो. तो वेगळा निघत नाही, अख्खं ताट बदलायचं. झेडएफच्या किटमध्ये ताट, सील, नवे बोल्ट आणि सात लिटर तेल असं सगळं एकत्र मिळतं. तेल नेमकं त्याच दर्जाचं हवं. 'चालतंय की' म्हणून दुसरं कुठलं लाल तेल ओतण्याची ही जागा नव्हे. सगळी ऑटोमॅटिक तेलं लालही नसतात.

पहिला नियम असा की खालचा बोल्ट सोडण्यापूर्वी तेल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायचं. तो गंजून अडकला असेल आणि आपण आधीच तेल सांडून बसलो, तर गाडी तिथेच मुक्कामाला. आमचा सुटला. मग खालून तेल काढलं. काळपट चहासारखं होतं, जळका वास नव्हता. ताट उतरवलं तेव्हा आतल्या लोहचुंबकांवर करड्या रंगाचा, बारीक वाटलेल्या खसखशीसारखा लगदा होता. तेवढा असतोच, ती नेहमीची झीज. लोखंडाचे कपचे किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले असते तर पुढचं काम थांबवावं लागलं असतं.

नवं ताट लावताना बोल्ट मधून बाहेर, आलटूनपालटून आवळायचे. किटमधल्या कागदावर १० न्यूटन-मीटर लिहिलं होतं. हा जोर अगदी थोडा आहे, टॉर्क पान्याशिवाय तो हाताला कळत नाही. प्लास्टिकचं ताट जोर करून आवळलं की तडकतं.

खरी कसोटी तेल भरण्यात असते. या बॉक्सला तेल मोजायची काडीच नाही. गाडी चारही बाजूंनी अगदी सपाट उचललेली हवी. भरायच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत पंपाने भरायचं, बोल्ट लावायचा, इंजिन चालू करायचं. ब्रेकवर पाय ठेवून पीमधून आर, आरमधून डी असं सावकाश, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबत फिरवायचं म्हणजे तेल सगळ्या वाटांत पोचतं. मग इंजिन चालू असतानाच बोल्ट पुन्हा उघडायचा आणि आणखी तेल भरायचं. त्या वेळी तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांच्या आत हवं, कारण तेल तापलं की फुगतं. थंड असताना मोजलं तर जास्त भरलं जातं, फार तापल्यावर मोजलं तर कमी. जास्त तेलाचा फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही. कमी तेलात पंप हवा ओढतो. तापमान बघायला गाडीच्या सॉकेटमध्ये लावायचं निदान यंत्र लागतं. आम्ही ४० अंशांना पोचलो तेव्हा भोकातून बारीक धार आली. बोल्ट लावला, काम संपलं. तीन तास लागले, त्यातला एक चहाचा.

आता थोडं गणित. बॉक्समध्ये एकूण साधारण नऊ लिटर तेल मावतं असं धरू, आणि ताट काढल्यावर सहा लिटर बाहेर येतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांत दडून राहतं. म्हणजे एका वेळी दोन तृतीयांश तेल नवं होतं. थोडं चालवून पुन्हा तेवढंच बदललं तर नवं तेल आठ नवमांश होतं. आम्ही काही महिन्यांनी दुसऱ्यांदा नुसतं तेल बदललं, ताट तेच ठेवलं. पहिल्या खेपेला थरथर निम्मी झाली होती, दुसऱ्या खेपेनंतर शोधावी लागली.

स्वतः करायचं नसेल तर

बहुतेकांनी स्वतः करूही नये. गाडीखाली काम करायची सवय नसेल तर गॅरेजच बरं. फोनवर 'आउटोमाटिक-गेट्रीबेओलवेक्सल' हवा आहे असं सांगा आणि तीन प्रश्न विचारा. फिल्टरही बदलणार का? तेल कुठल्या दर्जाचं घालणार? नुसतं खालून काढणार की श्प्यूलुंग करणार? श्प्यूलुंगमध्ये यंत्र जोडून जुनं तेल नव्याने पूर्ण ढकलून काढतात. तेल जास्त लागतं, खर्च वाढतो, पण एकाच खेपेत जवळजवळ सगळं तेल बदललं जातं. कुठल्याही प्रकारे खर्च काही शे युरो येतो. बॉक्स बदलायचा झाला तर आकडा काही हजारांत जातो आणि दहा वर्षांच्या गाडीची किंमतच कधी कधी तेवढी उरत नाही. एका पगारावर चालणाऱ्या घरात हा फरक पुण्याच्या तिकिटांचा असतो.

आपल्या गाडीत कुठला बॉक्स आहे ते आधी समजून घ्या, कारण 'ऑटोमॅटिक' हे नाव चार वेगवेगळ्या यंत्रांना देतात. फोक्सवागनच्या तेलात बुडालेल्या दोन क्लचच्या सहा गिअर डीएसजीला कंपनीच दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायला सांगते. कोरड्या क्लचच्या सात गिअर डीएसजीची गोष्ट वेगळी. मर्सिडीजच्या जुन्या पाच गिअर बॉक्समध्ये, जो स्प्रिंटर व्हॅनमध्येही होता, वायरींच्या प्लगचं सील झिरपतं आणि तेल वायरीतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं. तेल बदलताना ते स्वस्त सीलही बदलून घ्यावं. त्या बॉक्सची पातळी ८० अंशांना मोजतात, म्हणजे एका बॉक्सचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठीही दोन शब्द. २०१४ मध्ये सेलेरिओ आल्यापासून तिकडे लहान गाड्यांत जी ऑटोमॅटिक लोकप्रिय झाली, ती बहुतेक एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स यंत्राने चालवलेला. वर सांगितलेलं सगळं तिला लागू नाही. पण इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, आणि मे महिन्यात हिंजवडीच्या कोंडीत तासभर रेंगाळणाऱ्या गाडीचं तेल ऑटोबानवर वाऱ्यावर पळणाऱ्या गाडीपेक्षा नक्कीच जास्त सोसतं. पुस्तिकेत 'कठीण वापर' या मथळ्याखाली वेगळे आकडे असतात. आपल्याकडचा रोजचा वापर कठीणच धरावा.

काढलेल्या तेलाचं काय? जर्मनीत इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं तेल विकणाऱ्याला तेवढंच जुनं तेल फुकट परत घ्यावं लागतं, असा कायदाच आहे. ऑनलाइन घेतलं तरीही. म्हणून पावती जपून ठेवा आणि रिकामे डबे फेकू नका, जुनं तेल त्यांतच भरून परत करता येतं. आमचं तेल आम्ही मीटवेर्कश्टाटमध्येच दिलं.

आणि शेवटी गाडीच्या सर्व्हिस वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, किलोमीटर, तेलाचं पूर्ण नाव, किती लिटर गेलं. किटची पावती त्याच पानाला टाचून ठेवा. चार वर्षांनी तुम्ही गाडी विकाल तेव्हा घेणारा कदाचित मंडळातलाच एखादा नवा मुलगा असेल, नुकताच परवाना मिळालेला. तो तेलाबद्दल विचारणार नाही. तुम्ही आपणहून ते पान उघडून दाखवा.